छातीचा एक्स-रे वाचायचा कसा? आधी क्रम, मग नजर

(या भागाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे. मोबाइलवर वाचायला सोपं जावं म्हणून मधेमधे उपशीर्षकं दिली आहेत.)

आजचा भाग मुख्यतः मेडिकलच्या मुलामुलींसाठी आहे. पण ज्यांच्या घरी कपाटावर किंवा गादीखाली एक्स-रेची मोठी पाकिटं पडून आहेत, म्हणजे जवळजवळ सगळ्यांनीच, ऐकायला हरकत नाही.

मी रेडिओलॉजीत काम करते आणि पोस्टिंगला येणाऱ्या मुलांना शिकवते. त्यांच्याकडून सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे, "मॅडम, मला यात काहीच दिसत नाही." आणि मागोमाग हळूच, "सरांना कसं काय एका सेकंदात दिसतं?"

आता हे महत्त्वाचं का, ते आधी सांगते. रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत दम लागलेला पेशंट येतो. फिल्म पंधरा-वीस मिनिटांत हातात येते, रेडिओलॉजिस्टचा रिपोर्ट बऱ्याच ठिकाणी सकाळी येतो. मधल्या तासांत ती फिल्म उजेडाकडे धरून बघणारा माणूस बहुतेक वेळा इंटर्न असतो, नाहीतर पहिल्या वर्षाचा रेसिडेंट. पेशंटच्या छातीत नळी घालायची का, सुई टोचायची का, की नुसतं औषध देऊन थांबायचं, हे ठरवताना ती फिल्म समोर असते. त्यामुळे हा विषय परीक्षेतल्या पाच मार्कांपुरता नाही.

तर आज मला एवढंच पटवून द्यायचंय की एक्स-रे वाचणं ही नजरेची देणगी नसून सवय आहे. ती लागते भरपूर नॉर्मल फिल्म बघून, दर वेळी तोच क्रम पाळून आणि रिपोर्ट उघडायच्या आधी स्वतःचं मत लिहून. बाकी सगळा भाग याच्याच भोवती फिरणार आहे.

हा फोटो नाही, सावली आहे

विल्हेल्म राँटगेन यांना जर्मनीतल्या व्युर्ट्सबुर्ग शहरात ८ नोव्हेंबर १८९५ रोजी हे किरण सापडले. १९०१ साली भौतिकशास्त्राचं पहिलंवहिलं नोबेल त्यांनाच मिळालं. तेव्हापासून यंत्रं कितीतरी बदलली, फिल्मची जागा कॉम्प्युटरच्या पडद्याने घेतली, पण मूळ गोष्ट तीच आहे. एका बाजूने किरण सोडायचे आणि शरीरातून जे पार होतील ते दुसऱ्या बाजूला टिपायचे. म्हणजे आपण बघतो ती सावली.

या सावलीत ढोबळमानाने पाच छटा असतात. हवा सगळ्यात काळी. मग चरबी, ती करडी. मग पाणी, रक्त, स्नायू, हृदय हे सगळं जवळजवळ एकाच फिक्या पांढऱ्या रंगाचं. मग हाड, आणखी पांढरं. आणि धातू, एकदम पांढराशुभ्र. हृदय आणि पाणी यांची छटा सारखीच असते, हे आत्ताच डोक्यात ठेवा. पुढे सगळी गंमत इथेच आहे.

पांढऱ्या भिंतीवर पांढरा कागद चिकटवला तर कागदाची कड दिसते का? नाही. काळ्या फळ्यावर लावला तर लगेच दिसते. हृदयाची कड एक्स-रेत स्पष्ट दिसते, कारण तिच्या शेजारी हवेने भरलेलं, काळं फुफ्फुस असतं. त्या फुफ्फुसात न्यूमोनियाने पू आणि पाणी भरलं की शेजारची भिंतही पांढरी होते आणि हृदयाची कड पुसली जाते. याला सिल्हूट साइन म्हणतात. अमेरिकेतले रेडिओलॉजिस्ट बेंजामिन फेल्सन यांनी १९५० च्या सुमारास हे नाव रूढ केलं.

याचा उपयोग काय? जागा सांगता येते. हृदयाची उजवी कड पुसली असेल तर दुखणं बहुधा उजव्या मधल्या लोबमध्ये. डावी कड पुसली तर लिंग्युलामध्ये. डायफ्रामची कड गेली तर खालच्या लोबमध्ये. आणि उजवीकडे खाली पांढरेपणा आहे, पण हृदयाची कड साफ दिसतेय? मग मधला लोब बहुधा ठीक आहे, दुखणं मागे, खालच्या लोबमध्ये आहे. सपाट फिल्मवरून पुढे-मागे कळायला लागतं ते असं. म्हणून मी मुलांना सांगते, डाग शोधायच्या आधी कडा शोधा. कुठली कड दिसायला हवी होती आणि दिसत नाहीये?

आजाराच्या आधी फिल्म तपासा

फिल्म हातात आली की आपली नजर थेट फुफ्फुसांवर उडी मारते. थांबा. आधी नाव, तारीख आणि बाजू. नाव वाचायला कंटाळा येतो, मान्य आहे. पण एकाच रात्री एकाच आडनावाचे दोन पेशंट वॉर्डात असू शकतात. बाजू म्हणजे फिल्मवरची उजव्या किंवा डाव्या बाजूची खूण. हृदय उजवीकडे दिसतंय म्हणजे फिल्म उलटी लावलीय की खरंच हृदय उजवीकडे आहे, हे त्या खुणेवरून कळतं. असे लोक असतात, थोडे, पण असतात.

मग फिल्म कशी काढली ते बघा. पेशंट उभा, छाती प्लेटला टेकलेली आणि किरण पाठीकडून पुढे, ही झाली पीए फिल्म. वॉर्डात पलंगावर पोर्टेबल मशीनने काढली तर प्लेट पाठीमागे आणि किरण पुढून, ही एपी. एपीमध्ये हृदय प्लेटपासून लांब पडतं आणि मशीनही जवळ असतं, त्यामुळे त्याची सावली मोठी पडते. संध्याकाळी दिव्याजवळ हात धरला की भिंतीवर केवढा मोठा पंजा दिसतो, तसंच. पोर्टेबल फिल्म बघून "हार्ट मोठं आहे" असं मुलं पटकन सांगतात. मी विचारते, "हार्ट मोठं आहे की सावली मोठी आहे?" मोठ्यांमध्ये हृदयाची रुंदी छातीच्या आतल्या रुंदीच्या निम्म्याहून कमी असावी, हा नियम पीए फिल्मचा आहे. तो पोर्टेबलला लावायचा नाही.

पुढे तीन गोष्टी. पेशंट वाकडा उभा होता का? दोन्ही कॉलरबोनची आतली टोकं मणक्याच्या मधल्या टोकापासून सारख्या अंतरावर हवीत. श्वास पूर्ण घेतला होता का? डायफ्रामच्या वर पाठीकडच्या नऊ-दहा बरगड्या मोजता आल्या पाहिजेत. सहा-सातच दिसत असतील तर फुफ्फुसं दबलेली आहेत, तळाशी उगीच पांढरट वाटेल आणि हृदयही रुंद दिसेल. आणि किरणांचं प्रमाण? हृदयाच्या मागे मणके पुसटसे दिसले पाहिजेत.

आणि एक आपल्याकडची खास गोष्ट. वेणी! जाड वेणी खांद्यावरून पुढे आली की फुफ्फुसाच्या टोकावर एक लांबट सावली पडते आणि नवख्या माणसाला तिथे टीबी दिसायला लागतो. मंगळसूत्र, गळ्यातला ताईत, ब्लाउजचे हुक, हॉस्पिटलच्या गाउनची बटणं, ईसीजीचे स्टिकर, सगळ्यांच्या सावल्या पडतात. सावली शरीराच्या सीमेबाहेरही सुरूच आहे का, ते बघा. वेणी मानेपर्यंत वर जाते, टीबी मानेपर्यंत जात नाही. शंका आली तर सरळ जाऊन पेशंटकडे बघा. यात कमीपणा काही नाही.

आता क्रम

क्रम कुठलाही चालेल, पण रोज तोच हवा. बहुतेक कॉलेजांत ए-बी-सी-डी-ई शिकवतात. मीही तोच धरते.

ए म्हणजे एअरवे, श्वासनलिका. मानेतून खाली येणारा काळा पट्टा मधोमध आहे का? महाधमनीच्या कमानीपाशी तो किंचित उजवीकडे सरकलेला दिसला तर ते नॉर्मल आहे. त्याहून जास्त सरकला असेल तर विचारा, कोणी ढकलला की कोणी ओढला? हा प्रश्न पुढे पुन्हा येणार आहे.

बी म्हणजे ब्रीदिंग, फुफ्फुसं. नुसतं एक फुफ्फुस वरून खाली बघू नका. वरचा, मधला, खालचा असे तीन भाग करा आणि दर वेळी उजवीकडची जागा डावीकडच्या त्याच जागेशी ताडून बघा. कडेपर्यंत जा. रक्तवाहिन्यांच्या बारीक रेषा बाहेरच्या टोकापर्यंत जातायत ना? मधेच एक बारीक पांढरी रेघ दिसली आणि तिच्या बाहेर एकही रेषा नाही, तर तो न्यूमोथोरॅक्स असू शकतो. म्हणजे फुफ्फुस आकसलंय आणि बाहेर हवा साठलीय.

सी म्हणजे कार्डियाक, हृदय आणि मधला भाग. आकार, दोन्ही कडा, महाधमनी आणि दोन्ही हायला, म्हणजे फुफ्फुसांची मुळं. डावा हायलम बहुतेक वेळा उजव्यापेक्षा थोडा वर असतो. उलटं दिसलं तर कोणीतरी ओढाओढ केलीय.

डी म्हणजे डायफ्राम. उजवा घुमट सहसा डाव्यापेक्षा थोडा वर. दोन्ही कोपरे टोकदार हवेत. कोपरा बोथट झाला की पाण्याची शंका. पण उभ्या पेशंटच्या समोरून काढलेल्या फिल्ममध्ये कोपरा बोथट व्हायला साधारण २०० मिली पाणी साठावं लागतं, म्हणजे कोपरा टोकदार आहे म्हणून थेंबभरही पाणी नाही असं म्हणता येत नाही. डायफ्रामच्या खालीही बघा. डावीकडे जठरातल्या हवेचा बुडबुडा असतो, तो चालेल. पण उभ्याने काढलेल्या फिल्ममध्ये उजवीकडे, लिव्हरच्या वर काळी चंद्रकोर दिसली तर पोटात आतड्याला किंवा जठराला भोक पडलेलं असू शकतं. लगेच सर्जनला फोन. पोट दुखणाऱ्या पेशंटचा छातीचा एक्स-रे काढतात तो यासाठी.

ई म्हणजे एव्हरीथिंग एल्स, बाकी सगळं. बरगड्या, कॉलरबोन, खांदे, मणके, कातडीखाली हवा, स्तनांच्या सावल्या, आणि नळ्या. आयसीयूच्या फिल्ममध्ये प्रत्येक नळीचं टोक शोधायचंच. नाकातून घातलेली फीडिंगची नळी जठरात न जाता फुफ्फुसात गेली असेल आणि त्यातून दूध सुरू केलं, तर काय होईल याचा नुसता विचार करा.

शेवटी चार लपायच्या जागा पुन्हा एकदा बघायच्या. कॉलरबोनच्या मागे फुफ्फुसाचं टोक. हृदयाच्या सावलीमागे. डायफ्रामच्या घुमटामागे, कारण तिथेही फुफ्फुस असतं. आणि हायलाच्या आसपास. डावा खालचा लोब आकसला की हृदयाच्या मागे शिडासारखी त्रिकोणी सावली पडते आणि जो शोधत नाही त्याला ती दिसत नाही.

मग सरांना एका सेकंदात कसं दिसतं?

आता हा प्रश्न घेऊ, कारण तो खराच चांगला प्रश्न आहे. हॅरोल्ड कुंडेल आणि केल्विन नोडाइन या अमेरिकन संशोधकांनी १९७५ साली अनुभवी रेडिओलॉजिस्टना छातीचे एक्स-रे फक्त ०.२ सेकंद दाखवले. डोळा फिरवायलाही वेळ नाही. तरीसुद्धा त्यांनी बिघाड असलेल्या फिल्मपैकी सुमारे ७० टक्के बरोबर ओळखल्या. आणि हव्या तेवढ्या वेळ बघू दिल्यावर? ९७ टक्के.

मुलांना यातला पहिला आकडा भारी वाटतो, मला दुसरा. झटक्यात दिसतं हे खरं आहे, कारण त्या डोळ्याखालून हजारो नॉर्मल फिल्म गेलेल्या असतात. रोज एकाच एसटीने जाणारा माणूस झोपेतून उठून सांगतो ना, "आज गाडीचा आवाज वेगळा येतोय", तसंच ते. पण ७० वरून ९७ वर नेतं ते सावकाश, शोधत बघणं. तेवढ्या फरकातच एखाद्याचं आयुष्य अडकलेलं असू शकतं.

अनुभवी माणूसही निसटू शकतो, हे दाखवणारा २०१३ चा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. ट्रॅफ्टन ड्रू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २४ रेडिओलॉजिस्टना फुफ्फुसाचे सीटी स्कॅन देऊन त्यातल्या बारीक गाठी शोधायला सांगितलं. शेवटच्या स्कॅनमध्ये त्यांनी गुपचूप एका गोरिलाचं चित्र टाकलं होतं, सरासरी गाठीच्या ४८ पट मोठं. २४ पैकी २० जणांना गोरिला दिसलाच नाही! बऱ्याच जणांची नजर तर थेट त्याच्यावरून गेली होती. मन गाठी शोधत होतं, गोरिला नाही.

याचंच भावंडं म्हणजे एक सापडलं की शोध थांबवायचा. अपघाताचा पेशंट, बरगडी मोडलेली दिसली, सगळे खूश, फिल्म बाजूला. आणि त्याच मोडक्या बरगडीच्या वर न्यूमोथोरॅक्सची बारीक रेघ तशीच राहिली. म्हणून नियम असा, एक गोष्ट सापडली की मनातल्या मनात म्हणायचं, "दुसरी कुठे आहे?" आणि क्रम जिथे सोडला तिथून पुढे चालू.

नाव नंतर, वर्णन आधी

मुलं फिल्म बघितली की आजाराचं नाव सांगतात. मी म्हणते, आधी काय दिसतंय ते मराठीत सांगा. का, ते एका उदाहरणाने बघू.

समजा फिल्ममध्ये डावं फुफ्फुस पूर्ण पांढरं झालंय. पटकन मनात काय येतं? "छातीत पाणी भरलंय, सुई टोचून काढू." थांबा. आता ए आठवा. श्वासनलिका कुठे आहे?

श्वासनलिका आणि हृदय उजवीकडे ढकलले गेले असतील तर डावीकडे काहीतरी जागा व्यापणारं आहे. भरपूर पाणी, हे सगळ्यात नेहमीचं कारण. पण श्वासनलिका डावीकडे, पांढऱ्या बाजूला ओढली गेली असेल तर? तर फुफ्फुस आकसलंय. मोठ्या श्वासनळीत गाठ असेल, कफाचा बोळा असेल, लहान मुलाने शेंगदाणा गिळलेला असेल. किंवा मागे ऑपरेशन करून ते फुफ्फुस काढूनच टाकलेलं असेल. आणि श्वासनलिका मधोमध असेल तर? पूर्ण फुफ्फुस न्यूमोनियाने भरलेलं असू शकतं. मग त्या पांढऱ्यात झाडाच्या फांद्यांसारख्या काळ्या नळ्या दिसतात का, ते बघायचं. किंवा पाणी आणि आकसणं दोन्ही एकत्र असू शकतं, एक ढकलतंय आणि एक ओढतंय.

आता विचार करा. आकसलेल्या फुफ्फुसाला पाणी समजून कोणी सुई घातली तर? तिथे पाणी नाहीच. हृदय आणि मोठ्या रक्तवाहिन्या मात्र त्या बाजूला सरकलेल्या आहेत. शंका असेल तिथे आधी सोनोग्राफी करून बघतात ते यामुळेच. "डावं फुफ्फुस पूर्ण पांढरं, श्वासनलिका त्याच बाजूला ओढलेली", एवढं वर्णन तोंडातून निघालं असतं तर हात आपोआप थांबला असता.

फिल्म एकटी बोलत नाही

टीबीचं घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२३ मध्ये जगातल्या नव्या टीबी रुग्णांपैकी सुमारे २६ टक्के भारतात होते. त्यामुळे आपल्याकडे फुफ्फुसाच्या वरच्या भागात डाग किंवा पोकळी दिसली की पहिलं नाव टीबीचं येणार, आणि यायलाच हवं. पण फिल्मवरून टीबीची शंका घेता येते, शिक्कामोर्तब होतं ते बेडक्याच्या तपासणीने. शिवाय दहा वर्षांपूर्वी बऱ्या झालेल्या टीबीचे व्रणही फिल्मवर तसेच राहतात. ते जुने की नवे, हे एका फिल्मवरून ठरवणं फार अवघड. म्हणून ती गादीखालची पाकिटं फेकू नका! जुनी फिल्म शेजारी ठेवली की पाच मिनिटांत उत्तर मिळतं. डाग तेव्हाही असाच होता का, की वाढलाय?

आणि काही वेळा फिल्मची वाटच बघायची नसते. पेशंट निळा पडतोय, बीपी कोसळतंय, एका बाजूला श्वासाचा आवाज नाही, टेन्शन न्यूमोथोरॅक्सची दाट शंका आहे, तर सीनियरला बोलवा आणि उपचार करा. एक्स-रेच्या रांगेत पेशंटला पाठवू नका. एक्स-रे कधी बघायचा नाही, हेही एक्स-रे शिकण्यातच येतं.

सराव कसा करायचा

आता कामाचं. रोज दहा फिल्म. त्यातल्या निदान निम्म्या नॉर्मल हव्यात. पुस्तकांत आणि ॲटलासमध्ये सगळे आजार भेटतात, नॉर्मल फारसे भेटत नाहीत, आणि मग नॉर्मलच्या किती तऱ्हा असतात हे कळतच नाही. बारीक मुलगा, जाड काका, वाकलेली आजी, आठ महिन्यांची गरोदर बाई वगळता सगळे रोज विभागात येतात. नॉर्मल फिल्म मिळवायला त्याहून चांगली जागा नाही. घरी असाल तर फ्रँक गेलार्ड या ऑस्ट्रेलियन रेडिओलॉजिस्टने २००५ मध्ये सुरू केलेली रेडिओपीडिया ही साइट फुकट आहे, मोबाइलवर चालते.

रिपोर्ट झाकायचा. वहीत तीन ओळी लिहायच्या. फिल्म कशी आहे, काय दिसतंय, मला काय वाटतंय. मगच रिपोर्ट उघडायचा. नुसतं मनात ठरवू नका, कारण रिपोर्ट वाचला की मन लगेच म्हणतं, "हो हो, मला दिसलंच होतं." वही असं म्हणत नाही.

जुळलं नाही तर "चुकलं" एवढंच लिहून पुढे जाऊ नका. कुंडेल यांनी चुकांचे प्रकार पाडले होते, ते वापरा. पहिला प्रकार, त्या जागेवर नजर गेलीच नाही. दुसरा, नजर गेली पण काही वेगळं जाणवलं नाही. तिसरा, जाणवलं, पण "काही नसेल" म्हणून सोडून दिलं. तिन्हींवर औषध वेगळं. पहिल्यासाठी क्रम पक्का करायचा. दुसऱ्यासाठी नॉर्मल आणखी बघायचे. तिसऱ्यासाठी वाचन आणि सीनियरशी चर्चा. महिन्याभरात वही उलटून बघितली की तुमचा प्रकार कुठला, ते कळतं.

आणखी एक. सोमवारी दहा न्यूमोनिया, मंगळवारी दहा टीबी, असं गाठोडं बांधून बघू नका. सोमवारी तिसऱ्या फिल्मपासून उत्तर आधीच माहीत असतं, मग डोळा काम कशाला करेल? मिसळून बघा. ईसीजी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांवर २००३ साली झालेल्या अभ्यासात मिसळून सराव केलेल्यांना नंतर नवे ईसीजी जास्त बरोबर ओळखता आले होते. कॅज्युअल्टीत पेशंट पाठ्यपुस्तकातल्या धड्यांच्या क्रमाने येत नाहीत.

मोबाइल आणि एआय

तुम्ही सगळे मोबाइलवाले, म्हणून हे सांगायलाच हवं. व्हॉट्सॲपवर आलेला एक्स-रेचा फोटो शिकायला ठीक आहे. पण त्यात चित्र दाबलं जातं, वर व्ह्यूबॉक्सची चमक, आणि न्यूमोथोरॅक्सची केसाएवढी रेघ किंवा छोटी गाठ त्यात सहज गडप होते. मोबाइलवर काही दिसलं तर पुढे जा. मोबाइलवर काही दिसलं नाही म्हणून "नॉर्मल" लिहू नका. आणि ग्रुपवर टाकण्याआधी पेशंटचं नाव आणि नंबर काढून टाका. ती फिल्म त्या माणसाची आहे.

एआयबद्दल तर दर भागात कोणीतरी विचारतंच. टीबी शोधण्यासाठी १५ वर्षं आणि त्यावरच्या लोकांचे एक्स-रे कॉम्प्युटरने वाचायला जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये मान्यता दिली. जिथे रेडिओलॉजिस्ट पोचत नाही अशा गावात हातात धरायचं मशीन आणि एआय ही मोठी सोय आहे, यात वाद नाही. पण २०१८ साली अमेरिकेत झालेला एक अभ्यास लक्षात ठेवा. न्यूमोनिया ओळखायला शिकवलेला प्रोग्रॅम फिल्म कुठल्या हॉस्पिटलची आहे हेच ओळखायला शिकला होता. जिथे न्यूमोनियाचे पेशंट जास्त, तिथली फिल्म म्हणजे न्यूमोनिया असण्याची शक्यता जास्त, असा त्याचा हिशोब. दुसऱ्या हॉस्पिटलच्या फिल्म दिल्यावर त्याची कामगिरी उतरली.

म्हणून एआयला रिपोर्टसारखंच वागवा. आधी तुमच्या तीन ओळी, मग त्याचं उत्तर. दोन्ही जुळली नाहीत तर तीच शिकायची खरी वेळ. आधी एआयचं उत्तर बघून मग फिल्म बघायची सवय लागली तर तुमचा डोळा कधी तयारच होणार नाही. आणि लाइट गेलेल्या रात्री, नेटवर्क नसलेल्या ग्रामीण रुग्णालयात, समोर पेशंट असताना तो डोळा लागेल.

तर या आठवड्याचा अभ्यास. दहा नॉर्मल फिल्म घ्या. प्रत्येकीत फक्त कडा शोधा: हृदयाची उजवी, हृदयाची डावी, डायफ्रामचे दोन्ही घुमट, दोन्ही कोपरे, महाधमनीची कमान. बोटाने गिरवा. आजार शोधू नका. अकराव्या फिल्ममध्ये एखादी कड हरवलेली असेल तर ती तुमची तुम्हालाच खटकेल बघा.

पुढच्या भागात बाजूने काढलेली फिल्म, म्हणजे लॅटरल व्ह्यू घेऊ, ज्याला सगळे घाबरतात. वहीतल्या तीन ओळी मला व्हॉइस नोट करून पाठवा, पेशंटचं नाव सोडून. भेटू!